घरोघरी वाटलेला समुद्र

धामणगाव बढ्याहून समुद्र कोणत्या दिशेला आहे, असं त्या काळी कुणी विचारलं असतं, तर लोकांनी आधी विचारणाऱ्याकडे पाहिलं असतं आणि मग आभाळाकडे. गावाला मोताळ्याचा बाजार ठाऊक, मलकापूरचं स्टेशन ठाऊक, बुलढाण्याची कचेरी तर नको इतकी ठाऊक. समुद्र मात्र भूगोलाच्या पुस्तकात राहायचा आणि परीक्षा संपली की पुस्तकाबरोबर माळ्यावर जायचा. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली होती. आपल्या राज्याला लांबलचक किनारा आहे म्हणे, ही बातमी गावात पोचली होती, पण त्या किनाऱ्याचं आपण करायचं काय, हे कुणालाच सुचत नव्हतं.

सुचलं ते सत्यभामेला. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवणाऱ्या उकंडरावांची ही थोरली मुलगी. अंगानं काडी, आवाज मात्र असा की शेताच्या या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरचा बैल थांबावा. नववीच्या वर्गात मुली दोनच, सत्यभामा आणि बशीर मिस्त्रींची अमीना. दोघी एका बाकावर बसत आणि दोघींची मिळून एक दौत होती.

एका सकाळी विज्ञानाचे किसनराव मास्तर वर्गात आले ते धापा टाकत. हा माणूस मुळातच उतावळा. प्रयोग सुरू करण्याआधीच टाळी वाजवणारा. मुंबईच्या पलीकडे, अलिबागच्या बाजूला समुद्राचा अभ्यास करणारं एक केंद्र निघालं होतं. ज्या जिल्ह्यांना समुद्र नाही तिथलं एकेक पोर त्यांना दिवाळीच्या सुट्टीत शिबिराला हवं होतं. बुलढाणा जिल्ह्यातलं पोर निवडायचं काम मास्तरांकडे आलं होतं.

"आपल्या जिल्ह्यातून एकच पोर घेऊन राह्यले ते," मास्तर म्हणाले. "म्या परीक्षा नाई घेनार. ज्याले समुद्राबद्दल सगळ्यात चांगला प्रश्न पडंन, तो जाईन."

पोरांनी प्रश्न विचारले. समुद्र किती खोल? मासे झोपतात का? एकानं तर तिथं जेवायला काय मिळतं ते विचारून घेतलं. सत्यभामा उभी राहिली.

"सर, नळगंगा पूर्णेले जाते, पूर्णा तापीले, अन् तापी समुद्राले. मंग आपन नळगंगेत जे जे टाकतो, ते तठी कोन खाते?"

मास्तरांनी टेबलावर असा हात आपटला की खडू खाली पडले. "हे मलेई माहीत नाई पोरी! तूच जाऊन विचारून ये!"

घरी मात्र भडका उडाला. आई रुक्मिणीबाईंनी चुलीतली लाकडं मागं ओढली, म्हणजे आता बोलणं लांबणार. "पोरगी एकटी जाईन समुद्रावर? तठी तिचं कोन हाय? मामा हाय का मावशी?"

उकंडराव कमी बोलणारे. त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं आणि म्हणाले, "म्या जातो संगं."

"तुम्ही? तुमाले मोताळ्याच्या एस.टी.त मयमय होते!"

"होऊ दे. समुद्राले जाऊन तरी मयमय होईन."

आणि बापलेक निघाले. मलकापूरहून रेल्वे, मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून लाँच. लाँचमध्ये उकंडरावांनी डोळे मिटून घेतले ते पलीकडे पाय लागेपर्यंत उघडले नाहीत. सत्यभामेनं मात्र पापणी लववली नाही. एवढं पाणी आणि त्याला पलीकडचा काठच नाही! तिला ओरडावंसं वाटलं, म्हणून ती ओरडली. लाँचमधल्या कोळणी हसल्या आणि त्यांच्यातली एक जागा करून देत म्हणाली, "ये गो, हितं कठड्याला ये. हितून बरा दिसतंय."

केंद्राच्या प्रमुख होत्या रेगेबाई. पांढरं पातळ घोट्याच्या वर खोचलेलं, पायात काही नाही, आणि खडकांवरून चालणं असं की मुलांनी मागून पळत जावं. ओहोटी लागली की त्या सगळ्यांना खडकांत साचलेल्या डबक्यांपाशी नेत. पहिल्या दिवशी त्यांनी एकच नियम सांगितला. "दगड उचलून बघा, खुशाल बघा. पण होता तसा, होता तिथं परत ठेवा. तुमचं ते बघणं असतं, खालच्यांचं ते छप्पर असतं."

सत्यभामेनं दगड उचलला आणि ती तशीच ओणवी झाली. छपराखाली अख्खं गाव होतं. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटून तो शंख पाठीवर घेऊन हिंडणारे खेकडे होते. खडकाला चिकटलेलं एक लालसर फूल होतं. तिनं बोट लावलं तर फुलानं बोट धरलं! रेगेबाई म्हणाल्या, हे फूल नाही, जनावर आहे, याला समुद्रफूल म्हणतात. तेव्हाच तिनं आपला प्रश्न विचारला. बाईंनी त्या डबक्याकडे बोट दाखवलं. "वरून जे वाहत येतं ते हेच सगळे खातात, चांगलंही आणि वाईटही. यांना नको म्हणता येत नाही." सत्यभामा त्या डबक्याशी इतका वेळ बसून राहिली की भरती तिच्या गुडघ्यांपर्यंत आली आणि तिला हाताला धरून उठवावं लागलं.

उकंडराव तोवर केंद्राच्या परसात वांगी लावून मोकळे झाले होते.

शिबिर संपताना सत्यभामेनं हट्ट धरला. हे माझ्या गावाला दाखवायचंय. गावातल्या कुणीच समुद्र पाहिलेला नाही, पाहणारही नाही. बाई आधी नाही म्हणाल्या. मग पोरीच्या तोंडाकडे बघून विरघळल्या, पण विरघळतानाही शिस्त सोडली नाही. काचेच्या रुंद बरणीत त्यांनी शंखातले दोन खेकडे आणि एका लहान दगडाला धरून बसलेलं एक समुद्रफूल दिलं. सोबत वेताच्या टोपलीत बसवलेली एक फुगीर, भली मोठी काचेची बाटली भरून समुद्राचं पाणी, बरणीतलं पाणी बदलण्यासाठी.

"हे पाहुणे आहेत," बाई म्हणाल्या. "नाताळच्या सुट्टीत जिवंत परत आणून, घेतले त्या डबक्यात सोडायचे. रोज वारा घालायचा, पाणी सांभाळायचं आणि तांब्या-पितळेच्या भांड्याला हे पाणी लागू द्यायचं नाही, तांबं यांना विष आहे. हे जगले तर पुढच्या वर्षी तुमच्या जिल्ह्यातून दोन मुलं घेईन. मेले तर मात्र लांबच्या गावांना असं काही देणं मी बंद करीन. मला जीव घालवून शिकवायचं नाही."

सत्यभामेनं मान हलवली. दुसरी जागा कुणाची, हे तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं होतं. अमीनाची.

आता गावाकडची गंमत ऐका. आमच्याकडे कुणी काशी-रामेश्वर करून आलं की त्याला वेशीवर आणायला जातात, वाजतगाजत घरी नेतात, आणलेल्या गंगेची पूजा करतात आणि ते पाणी तीर्थ म्हणून घरोघरी वाटतात. न वाटणारा माणूस गावाच्या मनातून उतरतो. उकंडराव एस.टी.तून उतरले आणि कोणीतरी विचारलं, "काय आनलं बापा?" उकंडरावांनी खरं तेच सांगितलं. "समुद्र."

झालं. डफडं आलं, आरतीची ताटं आली. गंगा शेवटी जिथं जाऊन मिळते तेच पाणी दारात आलं म्हटल्यावर गाव कशाला मागं राहतं! सत्यभामा बरणी छातीशी धरून सगळ्यांना ओरडून सांगत होती, "हात नका लावू! हात नका लावू!" आणि बायकांना वाटत होतं, सोवळं पाळतेय पोरगी. तिनं बरणी आतल्या कोनाड्यात ठेवली, मोठी बाटली पडवीत ठेवली आणि जरा पाठ टेकते म्हणून जी आडवी झाली, ती मेल्यासारखी झोपली. लाँच आणि रेल्वे मिळून अंगात शिल्लक काही ठेवलं नव्हतं.

जाग आली ती गलबल्यानं. पडवीत रांग लागली होती. रांगेच्या तोंडाशी बाटलीला हळदीकुंकू लावून शेजारच्या सुभद्राबाई बसल्या होत्या. विधवा, एकट्या, गावातल्या प्रत्येक देवकार्यात न बोलावता पुढं. हातावर तीर्थ घेतलं की माणूस भक्तिभावानं तोंडाला लावी आणि मग त्याचं तोंड जे वाकडं होई ते पाहण्यासारखं होतं. पण तीर्थ थुंकता येत नाही. सुभद्राबाईंनीच तोड काढली. पिववत नसेल तर घरी न्या, देवापाशी ठेवा. मग काय, गडू आले, लोटे आले, बाटल्या आल्या. सत्यभामा धावत बाहेर आली तेव्हा बाटलीच्या तळाशी चूळ भरण्यापुरतं पाणी होतं.

ती जी किंचाळली! डफडं वाजवणारा थांबला. "काऊन वाटलं व माय? काऊन?"

रुक्मिणीबाई चकित झाल्या. "अवं, तीर्थ कोनी एकटं ठेवते का? लोकं काय म्हनतीन?"

आईवर रागवावं तर तिनं केलं ते सगळं गावच्या रीतीप्रमाणं. सत्यभामा उंबऱ्यावर बसून राहिली. मग उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, आहे त्या पाण्यात जगवीन.

आणि तिनं जगवले की! शाळेच्या ओसरीवर बरणी ठेवली. बशीर मिस्त्रींचं सायकलचं दुकान होतं. त्यांनी हवा भरायच्या पंपाला बारीक नळी जोडून दिली. मुलं पाळीपाळीनं पंप मारत, बरणीत बुडबुडे उठत, खेकडे शंख ओढत धावत आणि समुद्रफूल पाकळ्या उघडून डोलत असे. बघायला कोण आलं नाही ते विचारा. बाजाराला आलेली माणसं बैलगाड्या सोडून आली, मोताळ्याचे मास्तर आले, शेजारच्या गावची अख्खी शाळा आली. सत्यभामा त्या शेतकरी आवाजात सगळ्यांना सांगे, आपल्या नळगंगेतून काय वाहत जातं आणि ते शेवटी कोण खातं. अमीना पंप मारता मारता मधेच तिला दुरुस्त करी. फवारणीच्या औषधाचे डबे नदीत धुणारा एक कास्तकार मुकाट्यानं ऐकून गेला आणि दुसऱ्या बाजाराला तोच आपल्या भावाला घेऊन आला.

नाताळ आठवड्यावर आला आणि घात झाला. बाजाराच्या दिवशी, गर्दीत, कुणीतरी भक्तीनं बरणीत पुरणपोळीचा तुकडा टाकला. नैवेद्य! कोणी टाकला ते आजतागायत उघड झालं नाही. संशय रुक्मिणीबाईंवर, पण विचारायची छाती कुणाची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामा ओसरीवर आली तर पाणी ताकासारखं. समुद्रफूल आक्रसून सुपारीएवढं झालेलं. एक खेकडा शंखातून अर्धा बाहेर लोंबत होता, आणि तो जीव गुदमरल्याशिवाय घर सोडत नाही. अमीनानं पंप मारायला घेतला, पण नुसत्या वाऱ्यानं काय होणार! पाणी आजच्या आज बदलायला हवं होतं.

किसनराव मास्तर हात चोळत फिरू लागले. "मीठ टाकून पाहू का?"

"नाई सर. नुसतं मीठ म्हंजे समुद्र नाई, रेगेबाई म्हने," सत्यभामा म्हणाली.

"मंग लोनारचं पानी आनू! खारं हाय ते. आता एस.टी. पकडतो!" मास्तर चपला घालायला लागलेसुद्धा.

"लोनारच्या पान्यात कपडे धुवाले फेस येते सर," अमीना म्हणाली. "ते सोड्याचं पानी, समुद्राचं नाई." मास्तर चप्पल एका पायात तशीच ठेवून थांबले.

सत्यभामा बरणीकडे बघत होती. समुद्र संपला होता कुठं? तो तर गावात होता! घराघरात, देवापाशी, झाकून ठेवलेला.

"अमीना, ऊठ! समुद्र गोळा कराले चल!"

काचेची रिकामी बाटली धुऊन, तोंडाला पांढरं फडकं बांधून दोघी निघाल्या. मागून शाळा निघाली, मास्तर एका चपलेनिशी निघाले. पहिलंच घर पाटलांचं. पाटलीणबाईंनी कौतुकानं तांब्याचा गडू पुढं केला. झाकण काढलं तर कडेला हिरवा कळंक चढलेला. सत्यभामेनं गडू परत केला. दुसऱ्या घरी पितळेचा लोटा. तिसऱ्या घरी पुन्हा तांबं. ज्यांनी ज्यांनी मानानं, चांगल्यात चांगल्या भांड्यात ठेवलं होतं, त्यांचं सगळं पाणी कळकलेलं.

आणि मग गरिबांच्या गल्ल्या लागल्या. तिथं कुणाकडं तांब्याचा गडू होता! एकीनं काचेच्या पेल्यात ठेवलं होतं, एकानं औषधाच्या धुतलेल्या शिशीत. तानाबाई मजुरणीनं कान तुटलेल्या चिनी मातीच्या कपात ठेवून वर बशी झाकली होती. सत्यभामा प्रत्येक पाणी आधी जिभेवर घेई. खारट, कडसर, बरोबर! ओत! एका घरचं अळणी लागलं. "यात काय घातलं मावशी?" मावशी लाजल्या. "थोडं उरलं होतं न, मंग म्या हिरीचं टाकून वाढवलं." पोरं खो खो हसली आणि दुसरं कुणी म्हणालं, आमचं चाखून पाहा, आमचं असल हाय! आता लोक आपण होऊन दारात उभे राहू लागले. ज्याचं पाणी पास झालं तो मिरवू लागला. ज्याचं नापास झालं तो बाटली उचलायला पुढं आला. तीर्थ घ्यायला जेवढी रांग लागली नव्हती तेवढी द्यायला लागली.

बशीर मिस्त्रींनी दुकानाच्या फळीवरून बूच लावलेली एक स्वच्छ शिशी काढली. ती हातात धरूनच म्हणाले, "अब्बा हजले गेल्ते तवा मुंबईहून जहाजानं गेले. तिकडंच त्याइची माती झाली. म्या लहान होतो, दर्या पाह्यला नाई. म्हून ठेवलं होतं." मग शिशी स्वतःच उघडली. "ओत बेटा. जीव वाचते तं अब्बाले आवडंन."

एवढं सगळं होऊन बाटली अर्धीच भरली. बरणीला तेवढं पुरणार नव्हतं. आता एकच घर उरलं होतं, सुभद्राबाईंचं. आणि सगळ्यांना ठाऊक होतं, वाटणाऱ्या बाईनं सगळ्यात जास्त आपल्याकडे ठेवलंय. तेही लोणच्याच्या बरणीत, घासूनपुसून, कारण गडू त्यांच्याकडेही नव्हता.

सुभद्राबाईंनी दार अर्धंच उघडलं. "माह्यं नाई भेटनार."

"आजी, ते मरून राह्यले."

"मीई मरनारच हाय न एक दिवस!" त्या उसळल्या. "म्या काशी नाई पाह्यली, रामेसर नाई पाह्यलं. लेकरू नाई, बाळ नाई. मरतांनी तोंडात घालाले गंगा कोन आनून देईन मले? हे येवढं भेटलं. हे माह्यं शेवटचं पानी हाय."

मागावं कसं? कुणाच्या मरणाचं पाणी मागायला कुणाची जीभ उचलते! सत्यभामा नुसतं एवढंच म्हणाली, "मागत नाई आजी. पन एकदा पाहाले चला. तुम्हीच आरती केली होती त्याइची."

सुभद्राबाई आल्या. कुरकुरत, पदर सावरत, पण आल्या. ओसरीवर बसून त्यांनी बरणीशी डोळे नेले. अर्धा बाहेर लोंबणारा तो खेकडा पाय किंचित हलवत होता. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांचा नवरा गेला तेव्हा तोंडात घालायला घरात पाण्याचा थेंब देणारंही कुणी नव्हतं, त्या बाजाराला गेल्या होत्या, हे गावाला माहीत होतं.

त्या उठल्या आणि घराकडे गेल्या. परत आल्या तेव्हा काखेत लोणच्याची बरणी होती. "माह्यं काई आज नाई," त्या म्हणाल्या. "ह्याचं आज हाय." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं ओतलं, शेवटच्या थेंबापर्यंत.

पाणी बदललं. बशीर मिस्त्री स्वतः पंपाला बसले. सगळं गाव ओसरीवर आणि पटांगणात. दुपार गेली, उन्हं कलली, घरी जायचं नाव कुणी घेईना. आणि मग अमीना ओरडली, "घुसला! घरात घुसला!" खेकडा शंखात परतला होता. थोड्या वेळानं समुद्रफुलानं एक पाकळी बाहेर काढली, मग दुसरी. लोकांनी काय जल्लोष केला म्हणता! डफडं आलं ते कोणी बोलावलं कुणास ठाऊक. मास्तर रडत होते आणि रडता रडता टाळ्या वाजवत होते. सत्यभामा सुभद्राबाईंच्या गळ्यात पडली. "आजी, तुमाले बरनी भरून समुद्र आनून देतो. घागर भरून देतो!"

"आनून काऊन देतं?" सुभद्राबाई म्हणाल्या. "मलेच ने न!"

नाताळच्या सुट्टीत सत्यभामा, उकंडराव, मास्तर आणि सुभद्राबाई निघाले. बरणी सत्यभामेच्या मांडीवर, पंप मास्तरांच्या हातात. रेल्वेत शेजारचे लोक विचारत, हे काय, आणि सुभद्राबाई सांगत, "पाहुने हाय. घरी पोचवून द्याले चाललो." लाँचमध्ये उकंडरावांनी पुन्हा डोळे मिटले. सुभद्राबाईंनी मात्र टक्क उघडे ठेवले.

रेगेबाईंनी बरणी वर उजेडात धरली. एकेक खेकडा पाहिला, फूल पाहिलं. पाण्याची हकीकत ऐकली तेव्हा आधी हसू लागल्या आणि मग पदरानं डोळे टिपू लागल्या. "दोन मुलं," त्या अखेर म्हणाल्या. "पुढच्या वर्षी दोन. दरवर्षी दोन." सत्यभामेनं त्याच डबक्यात हात घातला आणि समुद्रफुलाचा दगड अलगद, होता तिथं ठेवला. खेकडे ओळखीच्या गल्लीत शिरावेत तसे दगडाखाली गेले.

दुसऱ्या वर्षी अमीना गेली. सत्यभामा पुढं शिकली, आपल्याच गावी विज्ञान शिकवायला लागली आणि पंचक्रोशीत समुद्राच्या बाई म्हणून ओळखली जाऊ लागली. तिच्या हातची पोरं दर दिवाळीला त्या किनाऱ्यावर जात आणि दर पावसाळ्याआधी नळगंगेचा काठ साफ करत. कुणी कुरकुर केली की बाई विचारत, "तठी कोन खाते?" आणि पोरगं मुकाट्यानं टोपली उचले. पण हे सगळं पुढचं.

त्या दिवशी ओहोटी संपत आली होती. सुभद्राबाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. लुगडं भिजलेलं, तोंडावर लहान मुलीचा आनंद. लाट आली की "आली, आली!" म्हणून ओरडायच्या आणि गेली की तिच्या मागं दोन पावलं जायच्या. हात जोडून झाले, डोळे पुसून झाले. निघायची वेळ झाली तेव्हा सत्यभामेला आपला शब्द आठवला. सुभद्राबाईंनी गावाहून आठवणीनं आणलेली ती लोणच्याची बरणी तिनं धुतली आणि भरायला वाकली.

सुभद्राबाईंनी तिचा हात धरला. समोर काठ नसलेलं पाणी पसरलं होतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पायाजवळच्या डबक्याकडे पाहिलं आणि रिकाम्या बरणीवर झाकण लावून टाकलं.

"राहू दे व माय," त्या म्हणाल्या. "आतमंधल्याइले कमी पडंन."